ट्यूबची आतली बाजू

फत्तेसिंहरावांनी आपली सायकल उभी केली आणि मुठीतले तीन खिळे जनार्दनच्या हत्यारांच्या पेटीवर आपटले.

"तुझ्या दुकानासमोरच्या धुळीत सापडले. आठ दिवसांत सोसायटीतल्या चार सायकली पंक्चर, आणि चारही तुझ्याच दारात. देव पेरतो काय हे खिळे?"

जनार्दनने उलट्या ठेवलेल्या सायकलीच्या फिरत्या चाकावरून नजर काढली नाही.

"बी विंगमध्ये सुतार बसलाय, साहेब. खिळे त्याच्याकडे असतात. आमच्याकडे नट आणि बोल्ट."

"जीभ आवर. आज संध्याकाळी सभा आहे."

मांजलपूरच्या त्या सोसायटीच्या कुंपणाला टेकून जनार्दनची पत्र्याची शेड अठरा वर्षे उभी होती. फत्तेसिंहराव सोसायटीचे सेक्रेटरी. नंदेसरीच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले. शेडची जागा त्यांना भाच्याच्या ज्यूस सेंटरसाठी हवी होती. हे कोणी बोलत नसे, पण ठाऊक सर्वांना होते. शेड हटवण्याचा ठराव टाइप होऊन त्यांच्या खिशात तयार होता.

इतक्यात निरुपमा सायकल ढकलत आली. सोसायटीतच राहणारी शिक्षिका. शाळा सुटल्यावर भर उन्हात दोन किलोमीटर चालून आल्यामुळे तिचा चेहरा लाल झाला होता.

"जनार्दनभाई, मागचं चाक बसलं बघा. गेल्या महिन्यात तुम्ही चाकाचं डुलणं, तो आउट, काढून दिलात तेव्हापासून किती छान चालत होती!"

"ही पाचवी!" फत्तेसिंहराव गरजले. "बहु थयुं! फार झालं! आता पुरावाही चालत आला."

जनार्दनने हात पुसले.

"उत्तम झालं. साहेब, बसा या स्टुलावर. निरुपमाबेन, तुम्हीही पाहा. खिळा निघाला तर शेड मी स्वतः उपटून नेतो."

त्याने मागचे चाक सोडवले. ट्यूबच्या व्हॉल्व्हसमोर टायरवर खडूने खूण केली, म्हणजे ट्यूबचा कोणता भाग टायरच्या कोणत्या भागाखाली होता हे नंतर कळावे. मग पान्याने टायरची एक कड वर काढली, ट्यूब बाहेर ओढली, हवा भरली आणि घमेल्यातल्या पाण्यात थोडी थोडी करून फिरवली. एका जागी बुडबुड्यांची बारीक रांग उठली.

"भोक इथे. आता टायरवर हीच जागा शोधा, साहेब. खिळा रस्त्यावरून येतो, म्हणजे आधी टायर फोडतो आणि मग ट्यूब. बोट फिरवा आतून."

फत्तेसिंहरावांनी बोट फिरवले. मग चष्मा चढवून पुन्हा फिरवले. टायर अखंड होता.

"ट्यूबच्या दोन बाजू असतात," जनार्दन शांतपणे म्हणाला. "बाहेरची रस्त्याकडे, आतली रिमकडे. हे भोक आतल्या बाजूला आहे."

"मग केलं कोणी? भुताने?"

जनार्दनने रिमवरची रबरी पट्टी उचलली. तिलाही त्याच जागी छिद्र होते आणि त्याखाली एका स्पोकचे टोक केसभर वर आले होते.

"स्पोक गरजेपेक्षा जास्त आवळला गेला की टोक असं वर येतं. वर आलेलं टोक कानसायचं, मग पट्टी बसवायची. नाही कानसलं तर टोक पट्टीला घासत राहतं, आणि एक दिवस ट्यूब जाते. त्यात पट्टी उन्हाने कुजलेली. बदलतो कोण? तेल घालायला लोकांना वेळ नाही."

"बाकीच्या चार?"

"एक अजून इथेच आहे, तुमच्या सोसायटीतल्या शर्वरीची. पंक्चर काढून ठेवलीय. उघडून दाखवतो."

त्याने ती ट्यूबही काढली. ठिगळ रिमच्याच बाजूला होते.

निरुपमाने तीन खिळे उचलून फत्तेसिंहरावांच्या हातात ठेवले.

"सुताराला परत द्या हे, काका. गरीब माणसाला चोर ठरवायला निघालात! ठराव आत्ता फाडा, नाहीतर सभेत मी उभी राहीन. ज्यूस सेंटरचा विषयही मग तिथेच निघेल."

फाटकाशी दोन-चार माणसे थांबून ऐकत होती. फत्तेसिंहरावांनी कागद काढला, त्याचे चार तुकडे केले आणि खिशात कोंबले.

"झालं समाधान? तुझ्यासारख्याच्या तोंडी लागणं हीच माझी चूक."

"समाधान नाही, साहेब. लिहून द्या. शेडबद्दल तक्रार नाही, तारीख आणि सही."

"माज आलाय तुला."

"अठरा वर्षांनी थोडा येणारच."

निरुपमाने पर्समधून कोरा कागद आणि पेन पुढे केले. फत्तेसिंहरावांनी लिहिले. जनार्दनने कागद दोनदा वाचला, घडी घातली आणि गणपतीच्या तसबिरीमागे ठेवला.

"आता एक बोलू? तुमच्या सायकलीचं पुढचं चाक डुलतं. रोज सकाळी पाहतो मी. ठेवून जा. मनात राग नाही, म्हणून पैसे घेणार नाही."

फत्तेसिंहरावांना नकार द्यायचा होता. पण माणसे पाहत होती. त्यांनी सायकल भिंतीला टेकवली आणि पाठ न वळवता फाटकापर्यंत गेले, जणू मागून कोणी दगड मारणार होते.

निरुपमाची सायकल दहा मिनिटांत तयार झाली. स्पोकचे टोक कानसून जनार्दनने नवी पट्टी बसवली. ती "आवजो" म्हणून हसून गेली.

मग त्याने फत्तेसिंहरावांच्या सायकलीचे पुढचे चाक सोडवले, टायर, ट्यूब आणि पट्टी काढून ते शिकंज्यात चढवले. रिमजवळ खडू धरून ते फिरवले, खडू लागला तिथे स्पोक आवळणारी निपलची चावी पाव-पाव फेरा देत आउट काढला. पाऊण तासाने चाक दोरीसारखे सरळ फिरू लागले. काम इतके नीट झाले होते की तो क्षणभर पाहतच राहिला. मग, आधीच्या पाच चाकांच्या वेळी केले होते तसेच, त्याने रस्त्याकडे एकवार पाहिले, एका स्पोकला दोन फेरे जास्त दिले आणि कानस न लावता त्यावर पट्टी ओढली.