रागावलेला चेहरा

अनुवादकाला दिसत नव्हतं, त्यामुळे त्याच्या बायकोची रुसताना पंचाईत व्हायची. फुगवलेले गाल वाया जायचे, म्हणून ती भांडी आपटून रुसायची. काल मात्र तो संगणकावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या आवाजाबद्दल बोलून गेला, "ही बाई निदान मुद्द्याचं बोलते!" तेव्हापासून घरात चमचासुद्धा वाजला नव्हता. आज तो कामाला बसला, तर बायकोचा मेसेज. शब्द नाही, नुसते इमोजी. बाईने नेहमीच्या सुसाट वेगात वाचलं, "रागावलेला चेहरा रागावलेला चेहरा रडवेला चेहरा." त्याने वेग पार कमी केला आणि पुन्हा ऐकलं. मग पुन्हा. दारातून बायको करवादली, "अहो, एकदा ऐकून समाधान नाही झालं?" "ऐकत नाहीये गं," तो म्हणाला. "तुझा चेहरा बघतोय. पहिल्यांदाच." थोड्या वेळाने स्वयंपाकघरात एक पातेलं आपटलं, पण अगदी हळूच.