जिन्यावरची शिट्टी

मास्तरांचा शिलाईचा कारखाना वरच्या मजल्यावर. लोखंडी जिन्यावर त्यांच्या दमेकरी छातीतली शिट्टी ऐकू आली, की बायकांच्या हातातले मोबाइल आणि चहाचे कप गायब व्हायचे, आणि मास्तर दारात पोचेपर्यंत सगळ्या मशिनी खडखडायला लागायच्या.

शेवटी लेकीने हट्टच धरला, तेव्हा मास्तर रोज सकाळी दम्याचा पंप ओढायला आणि त्यावर चूळ भरायला लागले. 'दम लागो न लागो, रोज घ्यायचा,' असं डॉक्टरांनी बजावलं होतं. महिन्याभरात छाती गप्प झाली.

मग एके दुपारी ते जिना चढून दारापर्यंत आले, तरी आत कोणाला पत्ताच नाही. काजं-बटणं करणारी मावशी गळ्यात टेप अडकवून, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणून त्यांची हुबेहूब नक्कल करत होती. "टाका सरळ घाला गं, गिऱ्हाईकाला डोळे असतात." बाकीच्या पोट धरधरून हसत होत्या.

आता आत जावं, तर बिचारीचं तोंड एवढंसं होणार. मास्तर मांजराच्या पावलांनी खाली उतरले आणि तोंडाने सुंई सुंई करत, कठडा धरत पुन्हा वर आले. आत मशिनी खडखडत होत्या. मावशी मान खाली घालून बटण लावत होती.



"मास्तर, पंप सोडू नका," ती वर न बघता म्हणाली. "शिट्टी आता तुम्हाला पहिल्यासारखी जमत नाही."