सैल की घट्ट

"घट्ट बांधा हो, मध्येच सुटायला नको," पडद्याआडून बायकोचा आवाज आला. बाहेर बाकावर बसलेल्या हेडमास्तरांनी घड्याळ पाहिलं. पावणेचार झाले होते आणि दरीतून धुकं वर चढू लागलं होतं.

पत्र्याच्या शेडमध्ये दोरीवर दरीतल्या बायकांचे कपडे टांगलेले होते. पर्यटकांनी ते नेसायचे, पाठीमागे कॉफीचा मळा दिसेल असं उभं राहायचं आणि फोटो काढून घ्यायचा. हेडमास्तरांना हा सगळा पोरखेळ वाटत होता. पण लग्नाच्या सव्वीस वर्षांत बायकोने कधी काही मागितलं नव्हतं, तेव्हा ते तोंड मिटून बसले होते.

आत कपडे नेसवणाऱ्या म्हातारीने तिच्या भाषेत पुन्हा काहीतरी विचारलं. दाराशी टेकलेला त्यांच्या गाडीचा ड्रायव्हर याच भागातला. "सैल की घट्ट, तेच विचारतेय," तो ओरडून म्हणाला. म्हातारीने तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा बायको हसली.

"घट्ट म्हणजे घट्ट. किती वेळा सांगू?" ड्रायव्हरने ते म्हातारीला तिच्या भाषेत सांगितलं.

ती बाहेर आली. जाडंभरडं कापड, कमरेला मुठीएवढी गाठ, पायात काही नाही. हेडमास्तरांनी मोबाईल वर धरला. "अगं, इकडे बघ." ती उतारावर फळं तोडणाऱ्या बायकांकडे बघत होती. मग ती हेडमास्तरांच्या बाजूने निघून गेली आणि सरळ चढायला लागली. घरी दुसऱ्या मजल्यावर जाताना दोनदा थांबणारी बाई, गुडघ्याला हात न लावता चढत होती.

कुणी शहरातली बाई अशी नटून आली की मळ्यातल्या बायका हसून हसून बेजार होतात, असं ड्रायव्हर येताना म्हणाला होता. आज एकही हसली नाही. एकीने सरकून जागा केली, दुसरीने टोपली दिली. बायकोने ती कमरेला अडकवली आणि दोन्ही हातांनी फळं तोडायला लागली. लाल तेवढी टोपलीत, हिरवी फांदीवर. हातांकडे तिचं लक्षही नव्हतं.

"अगं ए, पुरे झालं आता. गाडी थांबलीय."

तिने वळून पाहिलं नाही. हेडमास्तर धापा टाकत वर गेले आणि त्यांनी तिचा कोपर धरला. तिने त्यांच्याकडे पाहिलं. राग नव्हता, ओळखही नव्हती. पाहुण्या माणसाला वाट द्यावी तशी ती अदबीने बाजूला झाली.

ते खाली आले तेव्हा म्हातारी बायकोच्या साडीची घडी घालत होती. ड्रायव्हरचा चेहरा उतरला होता.

"रोज हिची सून नेसवते, साहेब. आज ती बाजाराला गेलीय. सून कुणाला विचारत नाही, सैलच बांधते. घट्ट गाठ म्हणजे इथलीच झाली, राहायला आली. मला वाटलं, म्हातारी गंमत करतेय."

"मग गाठ सोड म्हणावं तिला."

ड्रायव्हर म्हातारीशी बोलला. म्हातारीने मान हलवली. "बांधणाऱ्याला सोडता येत नाही म्हणते. जिची तिने सोडायची. घरच्या माणसाने नावाने हाक मारली की सोडते."

हेडमास्तरांना हायसं वाटलं. ते शेडच्या बाहेर गेले. सव्वीस वर्षांत त्यांनी बायकोला नावाने हाक मारली नव्हती, त्यामुळे पहिल्यांदा आवाज फुटला नाही. दुसऱ्यांदा सगळ्या उतारावर ऐकू गेला. टोपलीत फळं पडत राहिली.

म्हातारी काहीतरी पुटपुटली.

"हे तुम्ही ठेवलेलं नाव," ड्रायव्हर म्हणाला. "आईने ठेवलेलं लागतं."

लग्नात हेडमास्तरांनीच नाव बदललं होतं. आधीचं त्यांना जुनाट वाटलं होतं, एवढं पक्कं आठवत होतं. रेंजची एक काडी दिसत होती. त्यांनी मेहुण्याला फोन लावला.

"तुझ्या बहिणीचं माहेरचं नाव काय रे?"

"ताईचं?" मेहुणा हसला. "थांबा हं. अगदी ओठांवर आहे, दाजी. आम्ही आपले ताईच म्हणायचो. आई असती तर… थांबा, सांगतो." मागे त्याचा टीव्ही चालू होता. बराच वेळ टीव्हीच ऐकू येत राहिला. मग फोन तुटला.

तीस वर्षांच्या हजेरीपटातल्या पोरी तोंडपाठ, आणि बायकोचं नाव सापडेना. हेडमास्तर उताराच्या पायथ्याशी जाऊन उभे राहिले. धुक्याने झाडांच्या खालच्या ओळी गिळल्या होत्या. त्यांनी सुरुवात केली, वर्गात करत तशी. एक नाव, थोडं थांबायचं, पुढचं नाव. जुनाट नावं आधी घेतली. आज्यांची घेतली, आत्यांची घेतली, मग आठवतील ती. घसा बसला. रडू येतंय हे त्यांना स्वतःच्याच आवाजावरून कळलं.

कितव्यातरी नावाला वरच्या ओळीत पानं हलायची थांबली. कुणीतरी टोपली खाली ठेवली आणि झाडांना धरत धरत उतरायला लागलं.

धुक्यातून बाहेर आलेली बाई सत्तरीची होती. हेडमास्तरांनी तिला जन्मात पाहिलं नव्हतं. कमरेची गाठ सोडत ती त्यांच्यासमोर येऊन थांबली आणि त्यांचा चेहरा नीट न्याहाळत स्वच्छ मराठीत म्हणाली,

"किती उशीर केलात हो."