'एनिमी'ची तिसरी फेरी

बाईंनी लाल पेनाचं टोपण काढलं, ते नोंद पुरती वाचून व्हायच्या आधीच.

"पुन्हा तेच! दोनदा झोडपलं तरी बेट्याची खोड जात नाही."

खोलीत ऐकायला कोणी नव्हतं. शब्दकोशाच्या कार्यालयात बाईंच्या खोलीच्या वाटेला सहसा कोणी जात नसे. पाठीमागे सगळे त्यांना 'कात्री' म्हणत. बाईंना ते ठाऊक होतं, आणि आवडतही होतं.

कामाची पद्धत अशी होती. बाहेरचे लेखक एकेका इंग्रजी शब्दाची नोंद लिहून पाठवत: अर्थ, मूळ, वापराचं वाक्य. नोंद परीक्षकाकडे यायची ती टाइप केलेली, वर नुसता क्रमांक. परीक्षकाचे शेरेही टाइप होऊनच लेखकाकडे जायचे. कोणाला कोणाचं नाव कळायचं नाही, आणि काम चालू असेपर्यंत लेखकाने घरीदारी कुठेही चकार शब्द काढायचा नाही. एकाच परीक्षकाने तीनदा फुली मारली, की लेखक कोशातून कायमचा बाद. हे सगळे नियम बाईंनीच केले होते.

समोरचे कागद लेखक क्रमांक नऊचे होते. शब्द होता 'एनिमी'.

मूळ बरोबर दिलं होतं. फ्रेंचमार्गे आलेला लॅटिन शब्द. 'इन' म्हणजे नाही, 'अमिकस' म्हणजे मित्र, आणि हा 'अमिकस' प्रेम करणे या क्रियापदाच्या नात्यातला. इथवर बाईंची काही तक्रार नव्हती. पुढे लिहिलं होतं, "ध्यानात ठेवावे की चालून येणाऱ्या परक्या शत्रूसाठी लॅटिनमध्ये वेगळा शब्द होता, 'होस्टिस'. हा शब्द खासगी वैऱ्याचा; ज्याच्याकडून मायेची अपेक्षा होती, त्याचा." आणि वापराचं वाक्य: "एकाच टेबलाशी बसून ती दोघे एकमेकांची वैरी झाली."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

एकाच टेबलाशी! बाईंच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसूनच तर त्यांनी आणि त्यांच्या तेव्हाच्या जोडीदार कोशकाराने, त्या दाढीवाल्याने, सहा वर्षं खपून एक छोटा कोश केला होता. 'ध्यानात ठेवावे की' हे त्या दोघांचं पालुपद. उदाहरणं राजांची आणि लढायांची नकोत, घरातली हवीत, हेही दोघांनी मिळून ठरवलेलं. बाईंची मुलगी तेव्हा शाळकरी होती. त्यांच्या पायाशी बसून चिठ्ठ्या अक्षरवार लावून द्यायची आणि दाढीवाल्याला काका म्हणायची. कोश छापून आला तो एकट्या दाढीवाल्याच्या नावाने. "नजरचुकीने राहिलं," म्हणाला! बाईंनी त्याला दारातूनच हाकललं. मुलगी आठवडाभर रुसून बसली होती. या गोष्टीला बारा वर्षं झाली, पण बाईंचा राग तसूभरही कमी झाला नव्हता.

आणि मागच्याच महिन्यात मुख्य संपादकांच्या खोलीतून फाईल काखोटीला मारून निघालेला दाढीवाला त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता. आता हा नऊ क्रमांक, हे पालुपद, हे टेबल! आधी घात केला, आणि आता टोमणेही मारतोय!

दारावर टकटक झाली. मुख्य संपादक आत आले, पण बसले नाहीत.

"बाई, 'एनिमी' मी दुसऱ्या कोणाकडे देऊ का?"

"का?"

"तुमच्या शेऱ्यांत जरा राग दिसतो."

"तिन्ही फेऱ्या एकाच परीक्षकाने करायच्या. नियम आहे."

"तुम्हीच केलेला."

"मग मीच मोडू?"

संपादकांनी चष्मा काढून पुसला. "नोंद वाईट नाही हो."

"नऊ क्रमांकाचा भारीच पुळका आलाय तुम्हाला. मागच्या महिन्यात तुमच्याकडे कोण आलं होतं, ते पाहिलंय मी."

"ते वेगळं काम होतं."

"असेल ना!"

"मला नाव सांगता येत नाही, तुमच्याच नियमाने हात बांधलेत. एवढंच म्हणतो, आजचा दिवस जाऊ द्या. उद्या शांत डोक्याने बघा."

"मी बारा वर्षं थांबलेय," बाई म्हणाल्या.

संपादक चष्मा चढवून निघून गेले. बाईंनी फुली मारली, कागद फाटेल इतकी जोरात. खाली शेरा लिहिला: "ज्याने स्वतः घात केला, त्याने वैराचे अर्थ लोकांना शिकवू नयेत. या व्यक्तीची एकही ओळ यापुढे कोशात नको." सही करून त्यांनी पेनाचं टोपण लावलं. छाती हलकी झाली होती. संपूर्ण वचपा निघाला नसेल, निदान व्याज तरी वसूल झालं होतं.

चार दिवसांनी संध्याकाळी बाई घरी आल्या, तर स्वयंपाकघरात भांड्यांची आदळआपट चालली होती. मुलीची भाषांतराची कामं अडली की ती अशीच भांड्यांवर राग काढायची.

"काय गं, त्या पातेल्यांनी काय घोडं मारलंय तुझं?"

मुलगी वळली. रडून रडून डोळे सुजले होते. ओले हात पुसायचंही तिला सुचलं नाही.

"वर्षभर तुझ्यापासून लपवलं, आई. छापून आलं की तुझ्या हातात ठेवणार होते. लहानपणापासून ऐकलं, तसंच लिहिलं होतं मी, अगदी तुझ्यासारखं." तिने टाइप केलेला कागद पुढे केला. "मी कोणाचा घात केलाय गं?"