शिकवलेला चेहरा

"श्वास रोखा, ताई," शैलजाच्या हाताखाली काम करणारी तृप्ती म्हणाली. मॅमोग्राफीच्या यंत्रात शैलजाचा स्तन दाबला गेला. बावीस वर्षं ती हेच वाक्य इतर बायकांना सांगत आली होती; परवा अंघोळ करताना तिच्याच हाताला स्वतःच्या स्तनात गाठ लागली.

यंत्राचा फोटो दिसणारा पडदा तृप्तीकडे होता. शैलजा तिचा चेहरा न्याहाळत राहिली. त्यावर काहीच नव्हतं. तिनंच तृप्तीला शिकवलं होतं: फोटो कसाही येवो, चेहरा एकच ठेवायचा, एक शब्दही जास्त बोलायचा नाही.

"काय दिसतंय गं?"

"रिपोर्ट डॉक्टर सांगतील."

"माझंच वाक्य मला ऐकवतेस होय!"

दोघी हसल्या. मग गाऊनची नाडी बांधून देताना तृप्तीने विचारलं, "ताई, आज मी येऊ तुमच्यासोबत घरी?"

शैलजाला कळेना, ही माया होती की बातमी. "कशाला गं?" म्हणता म्हणता ती "ये" म्हणून गेली.