दोन रिमोट, एक वायर

रिमोटवरच्या महागड्या विमानांची मिजास दाखवून विमानं उडवणाऱ्यांच्या क्लबाने नवशिक्यांना पिटाळलं; पुढे म्हातारे सभासदही एकेक करून वर उडाले. नेब्रास्कातल्या माळावर उरला एकटा एल्मर. त्याने थर्माकोलचं स्वस्त विमान चिकटवलं, 'शिकवणी फुकट' अशी पाटी लावली आणि कोणीच फिरकलं नाही म्हणून वर्षभर ससाण्यांनाच वळणं शिकवली. आज एक बाई आली. वायरने जोडलेल्या दोन रिमोटांपैकी एक एल्मरने तिला दिला; तिचा हुकूम वायरीतून त्याच्या रिमोटमार्गे विमानाला जायचा. "चुकलात तर मी सांभाळतो." विमान वळताच ती ओरडली, "अहो, माझं ऐकतंय!" तेवढ्यात वायर सुटून गवतात पडली. बाईचा रिमोट आता नुसतं खेळणं. सांगितलं तर निघून जाईल, म्हणून एल्मर तिचे अंगठे चोरून बघत ते हलतील तसं आपल्या रिमोटने विमान उडवत राहिला. विमान उतरलं. "शनिवारी येते," बाई म्हणाली, "वायर तेवढी घट्ट लावा. सुटलेली दिसली होती. मी सांगितलं असतं तर घरी जावं लागलं असतं."