स्पंजची वडी

नवरा बत्तीस वर्षांचा घोडा झाला, तरी आपले मोजे कुठे आहेत हे आईलाच विचारायचा. शेवटी रोपवाटिकेत काम करणाऱ्या सुनेने हट्टाला पेटून वेगळं घर घ्यायला लावलं.

निघायच्या आदल्या दिवशी सासूबाई बाल्कनीत स्पंजच्या छोट्या वड्यांत बी रुजवून वाढवलेली टोमॅटोची रोपं वड्यांमधून काढून कोकोपीटच्या, म्हणजे नारळाच्या भुशाच्या, कुंडीत लावत होत्या. रोपाची मान धरून सरळ ओढतच होत्या.

"अहो आई, उपटताय काय!" सून धावली. "मुळं वडीत घट्ट रुतलेली असतात. ओढलं की तुटतात, मग रोप मान टाकतं. वडीसकट उचलायचं आणि तसंच नव्या कुंडीत बसवायचं. घर बदललेलं त्याला कळतसुद्धा नाही."

"वडीसकट?" सासूबाईंनी दोनदा विचारून खात्री करून घेतली. त्यांनी आपलं इतकं निमूट ऐकलेलं सुनेने पहिल्यांदाच पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सून नव्या घराच्या दारात उभी होती. सामानाचा टेम्पो आला. पुढे नवरा बसला होता आणि त्याला खेटून, मिक्सर मांडीवर घेऊन, सासूबाई.



"अशी बघतेस काय? ओढला असता तर मान टाकली असती त्याने. वडीसकट आणलाय!"